छावणीतलं बाळसं

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, सिएरा व्हिस्टा नावाचं गाव आहे. गावाला लागूनच फोर्ट वाचुका ही जुनी लष्करी छावणी. १९७५ च्या जानेवारीत या गावातल्या मॅकडोनाल्डच्या दुकानाने भिंतीत एक खिडकी पाडली. छावणीतल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरायला मनाई होती, त्यामुळे दुपारी पोटात कावळे ओरडत असले तरी दुकानात पाऊल टाकता येत नसे. यावर उपाय निघाला तो असा: गाडीच खिडकीशी आणायची, पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची आणि निघायचं. गाडीत बसल्या बसल्या खाणं विकत घेण्याची सोय अमेरिकेत आधीही होती, पण मॅकडोनाल्डची ती पहिली खिडकी. पुढे जगभर पसरलेल्या या सोयीचं मूळ सैनिकाच्या गणवेशात आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

पुढे पस्तीस वर्षांनी त्याच सैन्याचे निवृत्त सेनापती देशातली तरुण पोरं भरतीला नालायक ठरण्याइतकी लठ्ठ झाल्याची ओरड करू लागले. तेव्हा या खिडकीकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण सैनिकाच्या घरातलं मूल काय खातं, त्याला कोण भरवतं आणि भरवणाऱ्या दोघांचं आपसात जमतं का, हा प्रश्न खिडकीपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुना आहे. आणि त्यातल्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे त्या दोघांकडे, सैन्याचं लक्ष सर्वांत उशिरा गेलं.

अमेरिकी सैन्याच्या कायद्यात बाई पहिल्यांदा नीट दिसते ती धोबीण म्हणून. १८०२ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीमागे जास्तीत जास्त चार बायकांना सरकारी शिधा मंजूर केला. सैनिकाचा त्या वेळचा रोजचा शिधा असा: सव्वा पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, अठरा औंस पाव किंवा पीठ, वर थोडी रम. धोबिणीला एक शिधा मिळे. अनेकींचे नवरे त्याच कंपनीत सैनिक असत आणि पोरं छावणीच्या कडेला, साबणाच्या फेसाने पांढऱ्या झालेल्या गल्लीत वाढत. त्या पोरांचं पोट आईच्या शिध्यावर आणि धुलाईच्या पैशांवर चाले. १८७८ मध्ये काँग्रेसने ही धोबीणप्रथा बंद केली आणि सैनिकाच्या बायकोला कायद्यात असलेली ही एवढीशी जागाही गेली.

अधिकाऱ्यांच्या बायकांची गत याहून गमतीची. जनरल कस्टरच्या पत्नी एलिझाबेथ कस्टर यांनी १८८५ मध्ये सीमेवरच्या छावण्यांतल्या आपल्या दिवसांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नियमांच्या जाडजूड पुस्तकात धोबिणींची नोंद आहे, त्यांचा शिधा ठरलेला आहे, अधिकाऱ्याच्या बायकोचा मात्र उल्लेखसुद्धा नाही, ही त्यांची तक्रार होती. साध्या शिपायाने लग्न करूच नये अशी तर सैन्याची उघड इच्छा असे. शांततेच्या काळात विवाहित माणसाला भरती करून घ्यायला खळखळ होई. तू बायको करावीस असं सैन्याला वाटलं असतं, तर बूट-बंदुकीबरोबर तीही कोठारातून मिळाली असती, हा जुना लष्करी विनोद या धोरणातूनच आला. विनोद म्हणून तो चांगला आहे. धोरण म्हणून तो दीडशे वर्षं चालला.

मुलाच्या ताटापर्यंत सरकारचा हात पोचला तो महायुद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचं अन्नखातं हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे होतं. युरोपला धान्य पाठवायचं तर घरच्यांनी नासाडी थांबवायला हवी, म्हणून शाळकरी पोरांकडून शपथा घेतल्या गेल्या की ताटात काही टाकणार नाही. ‘क्लीन प्लेट क्लब’ म्हणतात तो हा. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या भोजनगृहांतूनही हाच उपदेश भिंतींवर लागला: हवं तेवढं घ्या, पण घेतलेलं सगळं संपवा. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पानात टाकायचं नाही हा दंडक इथे आजीच्या नजरेतच असतो, त्याला फलक लागत नाही. टंचाईत हा नियम शहाणपणाचाच होता. घोटाळा झाला तो नंतर. टंचाई संपली, ताटं मोठी झाली आणि नियम मात्र मुलाच्या भुकेशी काही संबंध न ठेवता तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक गोष्ट केली. लग्न झालेले, पोराबाळांचे बाप लाखोंनी भरती झाले आणि सैनिकाला कुटुंब असतं हे सरकारला मान्य करावंच लागलं. १९४२ च्या कायद्याने सैनिकाच्या बायकोला महिना ५० डॉलर मिळू लागले. त्यातले २२ नवऱ्याच्या पगारातून कापलेले आणि २८ सरकारचे. पहिल्या मुलामागे आणखी १२. लगेच पुढच्या वर्षी, १९४३ च्या मार्चमध्ये, काँग्रेसने आणीबाणीची प्रसूती व बालसंगोपन योजना सुरू केली. खालच्या चार वेतनश्रेणींतल्या सैनिकांच्या बायकांना बाळंतपण फुकट आणि बाळाला वर्षभर औषधपाणी फुकट. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, रंग पाहायचा नाही. १९४९ मध्ये योजना गुंडाळली तोवर सुमारे बारा लाख बाळंतपणं तिच्यातून पार पडली होती. भर युद्धात देशातल्या दर सात जन्मांमागे एक तिच्या खात्यावर होता. अमेरिकेने तोवर राबवलेली ही सर्वांत मोठी सरकारी आरोग्य योजना. ती आली ती मुख्यतः बापाचं मन लढाईत राहावं म्हणून.

त्या बाळांच्या बाटलीत काय असे? पुष्कळदा डब्यातलं आटवलेलं दूध, उकळून गार केलेलं पाणी आणि मक्याचा गोड पाक. डॉक्टर प्रमाण लिहून देत, आई रोज सकाळी दिवसभराच्या बाटल्या भरून ठेवी. वजनाचा काटा वर सरकला की सगळे खूश. बाळाने बाळसं धरलं म्हणजे घरावरचं संकट टळलं, ही समजूत काही आपल्याकडचीच नव्हे. १९४६ मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक २५ सेंटला बाजारात आलं. घड्याळाकडे पाहून नव्हे, बाळाकडे पाहून पाजा, असा त्याचा कल होता. स्पॉक यांनी ते पुरं केलं तेव्हा ते नौदलात मनोविकारतज्ज्ञ होते. टंकलेखन, पडताळणी, मजकुराची चर्चा यात त्यांच्या पत्नी जेन यांचा मोठा वाटा होता, पण मुखपृष्ठावर नाव एकट्या डॉक्टरांचं. बापाचा वाटा आईइतकाच आहे हे त्या पुस्तकाने ठामपणे म्हटलं ते १९७६ च्या आवृत्तीत, तीस वर्षांनी.

या काळातला सर्वांत बोलका पुरावा मात्र दोन अभ्यासांत आहे. समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी आयोवा राज्यातल्या १३५ सैनिक कुटुंबांची पाहणी केली आणि १९४९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. बाप जाणं हे एक संकट आणि बाप परतणं हे दुसरं, असं त्यांना दिसलं. बाप गेल्यावर घर त्याच्याविना चालायला शिकतं. तो परतला की त्याला घरात जागा करून द्यावी लागते आणि ती आपोआप होत नाही. स्टॅनफर्डच्या लोइस मीक स्टोल्झ यांनी १९५४ मध्ये अशा बापांबद्दल लिहिलं, ज्यांचं पहिलं मूल ते युद्धावर असताना जन्मलं. परतलेल्या बापाला घरात एक वर्ष-दीड वर्षाचं, आईला चिकटलेलं, अनोळखी माणसाला पाहून रडणारं पोर दिसे. बायकोने आणि तिच्या माहेरच्यांनी लाडावून ठेवलंय, असा त्याचा पहिला निष्कर्ष. मग तो शिस्त लावायला निघे. आई मध्ये पडे. पोर आणखी दूर जाई. तोच माणूस युद्धानंतर जन्मलेल्या दुसऱ्या मुलाशी मात्र पहिल्यापासून मायेने वागे.

स्टोल्झ यांच्या पुस्तकाला सहपालकत्व हा शब्द माहीत नाही. पण पुढे पन्नास वर्षांनी संशोधक ज्याची मोजमापं काढू लागले ते सगळं त्यात आहे.

सैन्याने या पुस्तकांचा फारसा बोध घेतल्याचं दिसत नाही. त्याचं लक्ष मुलाच्या हाडांकडे होतं. भरतीच्या तपासणीत नाकारलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या दुखण्यांचं मूळ लहानपणच्या अपुऱ्या खाण्यात आहे, असं भरतीखात्याच्या प्रमुखांनी काँग्रेससमोर सांगितलं होतं. त्यातून १९४६ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शाळाभोजनाच्या कायद्यावर सही केली. मुलांना दुपारचं जेवण देणं ही राष्ट्रीय सुरक्षेची बाब आहे, असं त्या कायद्यातच लिहिलं आहे. शत्रू तेव्हा कृशपणा होता, आणि ताटात जितकं जास्त तितकं चांगलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीच्या ब्रेमरहाफन बंदरात पहिल्यांदा सैनिकांच्या बायकापोरांनी भरलेलं जहाज लागलं. इथून पुढे सैनिकाचं कुटुंब त्याच्या मागोमाग देश बदलू लागलं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं घर, नवी शाळा, आजी-आजोबा हजार मैलांवर. १९५६ मध्ये कुटुंबीयांच्या औषधपाण्याचा कायदा झाला, १९६५ मध्ये लष्कराने कुटुंबांच्या मदतीसाठी केंद्रं उघडली. पण आई स्वतःच सैनिक असली तर? १९५१ च्या आदेशाने गरोदर राहिलेल्या, किंवा लहान मुलाची जबाबदारी असलेल्या स्त्रीला सेवेतून काढता येई. ही सक्तीची घरवापसी १९७५ मध्ये बंद झाली. सिएरा व्हिस्टातल्या खिडकीचंच ते वर्ष.

तोवर सक्तीची भरती संपून दोन वर्षं झाली होती. आता सैनिक नोकरी म्हणून येत होता आणि टिकवायचा तर त्याच्या घराला सांभाळणं भाग होतं. १९८३ मध्ये लष्करप्रमुख जनरल जॉन विकम यांनी लष्करी कुटुंबाविषयी श्वेतपत्रिका काढली आणि पुढचं वर्ष लष्करी कुटुंबाचं वर्ष म्हणून जाहीर झालं. गंमत अशी की १९८४ मध्येच लष्कराच्या विक्रीसंस्थेने बर्गर किंगशी करार केला आणि तळांच्या आत बर्गरची दुकानं थाटली जाऊ लागली. घराची काळजीही सैन्यच घेणार आणि बर्गरही सैन्यच विकणार. वर गणवेशातल्या माणसाचं वजन जास्त भरलं तर कमरेला आणि गळ्याला फीत लावून मापं घेणारंही तेच. या तीन गोष्टी एकाच कुंपणाच्या आत सुखाने नांदत होत्या, याचं श्रेय सरकारी खात्यांच्या एकमेकांशी न बोलण्याच्या सवयीला द्यायला हवं.

२०१० च्या एप्रिलमध्ये निवृत्त सेनापतींच्या एका संघटनेने अहवाल काढला. त्याचं नावच होतं ‘लढण्याच्या मानाने फार लठ्ठ’. १७ ते २४ वयाच्या अमेरिकी तरुणांपैकी २७ टक्के, म्हणजे सुमारे ९० लाख, निव्वळ वजनामुळे भरतीला अपात्र आहेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याच डिसेंबरमध्ये शाळाभोजनाचा दर्जा सुधारणारा नवा कायदा झाला. १९४६ मध्ये सेनापतींनी मुलांच्या ताटात भर घालायला सांगितलं होतं, २०१० मध्ये त्यातलं काढायला सांगितलं. दोन्ही वेळा नजर शाळेच्या पंगतीवरच. मूल शाळेत येण्याआधी पाच वर्षं घरात जेवलेलं असतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आणि घरात काय चाललं होतं? इराक आणि अफगाणिस्तानच्या मोहिमा ऐन भरात होत्या. २००७ च्या एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी लष्कराच्या मोहिमेचा मुक्काम बारा महिन्यांवरून पंधरा महिन्यांवर नेला. तळावरच्या घरातला प्रसंग मग काहीसा असा घडतो. बाळ चार महिन्यांचं असताना बाप जातो, परत येतो तेव्हा ते दीड वर्षाचं धावतं पोर असतं. आईने एकटीने घडी बसवलेली आहे: साडेसहाला जेवण, पाणी पेल्यातून, रात्री उठलं तर थोपटून झोपवायचं. बापाला ही घडी ठाऊक नाही. रात्री पोर रडतं, तो उठतो, पटकन बाटली भरून तोंडात देतो आणि ते शांत झाल्यावर त्याला, साहजिकच, जग जिंकल्यासारखं वाटतं. सकाळी आई म्हणते, “कशाला दिलीस?” तो म्हणतो, “भूक लागली होती त्याला.” दुपारी तो त्याला बर्गरच्या खिडकीशी नेतो, कारण पंधरा महिने हुकलेले लाड एका दुपारी भरून काढायचे असतात. आई रागावते. दुसऱ्या दिवशी पोर रडलं की आधी बापाकडे जातं. आता भांडण खाण्याचं राहिलेलं नाही, पण त्याचा हिशेब खाण्यातच चुकता होतो.

या प्रसंगाचे धागे जिथे एकत्र आले ते ठिकाण पेन्सिल्वेनिया राज्याचं विद्यापीठ, पेन स्टेट. त्याचं वैद्यकीय महाविद्यालय हर्शी गावात आहे आणि ते चॉकलेटसम्राट हर्शींच्या विश्वस्तनिधीतल्या पाच कोटी डॉलरांवर उभं राहिलं. याच हर्शी कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्याला आणीबाणीच्या शिध्याच्या चॉकलेटवड्या पुरवल्या. सैनिकाने त्या उगाच चघळत बसू नये म्हणून चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जेमतेम बरी असावी, अशी सैन्याची अट होती. आज त्याच गावात बाळांचं वजन आटोक्यात कसं ठेवावं याचा अभ्यास चालतो.

या अभ्यासाचा पाया घातला लीअ‍ॅन बर्च यांनी. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला पोट भरलं का, भूक आहे का, याकडे लक्ष द्यायला शिकवलं. दुसऱ्याला ताट रिकामं करण्यावर आणि त्याबद्दलच्या बक्षिसावर. पहिल्या गटातली मुलं आधी पोटभरीचं खाल्लं असेल तर पुढे आपोआप कमी खात. दुसऱ्या गटाला तो अंदाज राहिला नाही. हूव्हर यांच्या शपथेपासून चालत आलेल्या ‘ताट संपव’ला प्रयोगशाळेतून मिळालेलं हे उत्तर होतं. बर्च १९९० च्या दशकात पेन स्टेटला आल्या. पुढे २०१२ मध्ये इयन पॉल यांच्याबरोबर त्यांनी पहिलटकरणींसाठी प्रयोग सुरू केला. २७९ माता होत्या. परिचारिका बाळाच्या पहिल्या वर्षात घरी जाऊन शिकवत: रडणं म्हणजे दरवेळी भूक नव्हे, आधी कुशीत घ्या, दुपट्यात गुंडाळा, झोपेची वेळ पाळा, भुकेची खूण दिसली की पाजा आणि तोंड फिरवलं की थांबा. २०१८ मध्ये निकाल आले. तीन वर्षांच्या वयाला या मुलांचं वजन उंचीच्या मानाने दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. फरक माफक होता, पण शिकवणही थोडीच होती. मात्र ती आईला होती. मध्यरात्री बाटली घेऊन उठणाऱ्या दुसऱ्या माणसाचा त्यात हिशेब नव्हता.

तो हिशेब त्याच विद्यापीठातले मार्क फाइनबर्ग मांडत होते. २००३ मध्ये त्यांनी जोडीने मूल वाढवण्याचे चार भाग केले: मूल कसं वाढवायचं यावर मतं जुळणं, कामं वाटून घेणं, एकमेकांना उचलून धरणं किंवा खाली पाडणं, आणि घरातले ताण मुलासमोर कसे हाताळायचे ते. नवरा-बायकोचं प्रेम हा विषय इथे नाही. एकमेकांवर जीव असलेली जोडपीही मुलाच्या जेवणावरून रोज एकमेकांना खोटं पाडतात, हे कोणत्याही घरात दिसेल. यातून त्यांनी पहिलं बाळ होणाऱ्या जोडप्यांसाठी आठ वर्गांचा कार्यक्रम बेतला. चार वर्ग बाळंतपणाआधी, चार नंतर. १६९ जोडप्यांवरच्या पहिल्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला: जोडप्यांचा एकमेकांना आधार वाढला, आयांची उदासी घटली, आणि बाळं स्वतःला शांत करण्यात जरा पुढे दिसली. ही शेवटची गोष्ट वजनाच्या अभ्यासकांच्या कामाची. स्वतः शांत होणाऱ्या बाळाच्या तोंडात दरवेळी बाटली द्यावी लागत नाही.

लष्करी घरांसाठी हे दोन धागे एकत्र गुंफायचे, भरवण्याची शिकवण आणि दोघांचं एकमत, असं आता चाललं आहे. अडचण साधी, पण चिवट. वर्गात दोघांनी शेजारी बसायचं तर दोघं एका गावात तरी हवेत. म्हणून फाइनबर्ग यांच्या कार्यक्रमाची लष्करी आवृत्ती घरबसल्या, ऑनलाइन करण्याजोगी काढावी लागली. तिची छोटी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. बापाला घरी ठेवण्याच्या बाबतीतही सैन्य हळूहळू सरकलं. २००८ च्या कायद्याने गणवेशातल्या बापाला बाळाच्या जन्मासाठी १० दिवसांची रजा मिळाली. पुढे ती २१ दिवसांपर्यंत वाढली आणि २०२३ च्या तोंडावर आई-बाप दोघांसाठी १२ आठवड्यांवर गेली. २०२२ मध्ये लष्कराने बाळंतिणीला वर्षभर मोहिमेवर न पाठवण्याचं आणि तेवढा काळ फितीच्या मापातून सूट देण्याचं ठरवलं.

लठ्ठपणावर सैन्याने आजवर जे काही केलं त्यात हा रजेचा नियम सर्वांत कामाचा ठरण्याजोगा आहे, जरी तो वजनासाठी केलेला नाही. बारा आठवड्यांत बाप बाळाच्या भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं ओळखायला शिकतो. पण घन पदार्थ सुरू होतात ते सहाव्या महिन्याच्या आसपास, आणि मोहिमेचा हुकूम बाळाच्या महिन्यांकडे पाहून निघत नाही. रजा जन्मापासून वर्षभरात घ्यायची आहे. तुकड्यांनी घेतली, तर तिचा एक तुकडा पहिल्या घासासाठी राखून ठेवता येतो.